पुनरुत्थान आक्का

कोल्हापूरच्या त्या जुन्या दगडी चर्चमध्ये आक्काताई आवळेला सगळे मागून 'पुनरुत्थान आक्का' म्हणायचे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. संडे स्कूलची पोरं तर तिची नक्कल करायची. हनुवटी वर करायची, डोळे मिटायचे आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं, "देहाचे पुनरुत्थान!" आणि मग खिदळत पळायचं.

पोरांचा तरी काय दोष? दर रविवारी उपासनेत सगळी मंडळी उभी राहून विश्वासांगीकार म्हणते. आपण कशाकशावर विश्वास ठेवतो ते देवासमोर एका सुरात बोलून दाखवायचं, एवढाच त्याचा अर्थ. बाकीच्या ओळी आक्काताई चारचौघींसारखी म्हणायची. पण 'पापांची क्षमा' झालं रे झालं, की तिचा आवाज असा चढायचा की खिडकीवरची पारवी फडफडून उठायची. देहाचे पुनरुत्थान. मेलेला माणूस एक दिवस देहानिशी उठणार, अशी ती ओळ. ती संपली की बाईचा आवाज परत खाली. नवीन आलेली माणसं दचकून वळून बघायची, जुनी माणसं गालात हसायची. म्हातारीची भक्तीच दांडगी, असं सगळे धरून चालले होते.

भक्ती दांडगी होतीच, त्यात खोट नाही. पण ओरडायचं कारण वेगळं होतं, आणि ते कारण तिच्या उजव्या हाताला कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभं असायचं. तिचा नवरा. बाळासो आवळे सर.

सर त्या ओळीला तोंड मिटून घ्यायचे.

सर शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. चर्चच्या पंच कमिटीवर कितीतरी वर्षं काम केलेलं. माणूस सरळ, इतका सरळ की कधीकधी बायकोला वैताग यावा. घर उचगावात. मूलबाळ नाही. शेजारी बुद्धभूषण कांबळे, बँकेतनं रिटायर. त्यांच्या आज्ज्यानं छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून त्या घरात देवाचं नाव नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही. संध्याकाळ झाली की सर आणि बुद्धभूषण सरांच्या ओट्यावर बसायचे, चहा व्हायचा, आणि मग देव आहे का, आत्मा म्हणजे काय, माणसानं माणसाशी नीट वागायला वर कुणी बघणारा लागतो का, असलं दळण सुरू व्हायचं. चहा आक्काताईच द्यायची. दळण तिच्या कानावर पडायचं, पण पुरुष माणसं रिकामी बसली की असंच काहीतरी बोलतात म्हणून ती सोडून द्यायची.

मग एका रविवारी तिच्या कानाला उजव्या बाजूनं भोक पडल्यासारखं झालं. विश्वासांगीकार चाललेला, आणि एका ओळीपुरता नवऱ्याचा आवाजच नाही. पुढच्या रविवारी तसंच. तिसऱ्या रविवारी घरी येताना केएमटीच्या बसमध्ये तिनं विचारलं.

"अवो, त्या एकाच ओळीला घसा बसतोय व्हय तुमचा?"

"घसा चांगला आहे," सर म्हणाले. "ती ओळ मी म्हणत नाही. पटत नाही मला. देवळात उभं राहून खोटं बोलायला जमेना झालंय."

आक्काताईनं आधी पुढच्या सीटवरचं कुणी ऐकलं का ते बघितलं.

"आणि बाकीचं पटतंय?"

"काही पटतं, काही नाही. शेजाऱ्यावर प्रेम करा, हे पटतं. येशू पटतो. मेलेलं शरीर उठेल, हे नाही पटत. विज्ञानाचा मास्तर आहे गं मी."

"मग चर्चला येतासा तरी कशाला?"

"तू जातीस म्हणून," सर म्हणाले. जरा विचार करून पुढं म्हणाले, "आणि गाणी चांगली असतात."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? बाईला राग आला, भीतीही वाटली. पंच कमिटीवरचा माणूस, आणि विश्वासांगीकारातली ओळ गिळतो! कुणाच्या कानावर गेलं तर? आक्काताई म्हणजे घरातली भाकरी करपली तर आधी खिडकी लावून घेणारी बाई. तिनं पुढच्या रविवारपासून त्या ओळीला दोघांचा आवाज एकटीनं काढायला सुरुवात केली. तेव्हापासून ती पुनरुत्थान आक्का झाली.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिची तक्रार नव्हती. पण मागच्या वर्षी, ती पुढ्यात ताट घेऊन वाटाणे सोलत बसलेली असताना, सर समोर येऊन बसले आणि चार वाटाणे तोंडात टाकून म्हणाले, "मी गेल्यावर मला मातीत नको घालूस. मेडिकल कॉलेजला देहदान करायचं ठरवलंय. बुद्धभूषणनं आणि मी, दोघांनी नावं दिली."

आक्काताईचा हात थांबला.

"आयुष्यभर पोरांना बेडूक कापून त्याचं काळीज दाखवलं," सर उत्साहानं सांगत होते. "आता डॉक्टर होणारी पोरं माझ्यावर शिकतील. मेल्यावरही मास्तरकी. चांगलं नाही का?"

"बेडकाची बायकू येत न्हाई इचारायला!" आक्काताई कडाडली. "माझं काय?"

तिचं काय, ते सांगायला हवं. शहराच्या ख्रिस्ती दफनभूमीत तिच्या सासूची कबर होती, आणि त्या कबरीच्या शेजारी कडुलिंबाखाली दोघांपुरती जागा. लग्न होऊन चंदगडाकडनं आली तेव्हा हीच सासू तिला हाताला धरून चर्चला घेऊन गेली होती. ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी फुलं आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जमते. आपापल्या माणसांच्या कबरी धुतात, सजवतात, आणि सूर्य उगवताना पुनरुत्थानाचं गाणं म्हणतात. आक्काताई दर वर्षी सासूची कबर धुवायची आणि धुताना शेजारच्या जागेकडं बघून मनाशी म्हणायची, हितं हे, आणि त्येंच्या बाजूला मी. एक दिवस देवाचा कर्णा वाजेल आणि तिघं अंग झटकून उठू. तिनं हे कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण मूल नसलेल्या बाईनं एवढ्या एका गोष्टीवर भार टाकून आयुष्य काढलं होतं, आणि आता नवरा म्हणत होता की मी त्या जागेत येणार नाही.

"आणि उठायच्या दिवशी तुमी कुठनं उठणार?" तिनं विचारलं.

"कॉलेजातून उठीन की!" सर हसले. "पोरं काय मला कोंडून घालणार आहेत?"

तिच्या जिवाचं पाणी झालेलं आणि हा माणूस थट्टा करतोय. वाटाण्याचं ताट तिथंच टाकून ती आत गेली. सर मागोमाग दारापर्यंत आले.

"हे बघ, शेवटी सही घरच्या माणसाची लागते. म्हणजे तुझी."

"मी न्हाय करायची."

"मग नको करूस," सर म्हणाले आणि उरलेले वाटाणे सोलायला बसले.

दुसऱ्या दिवशी ती चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेली. म्हटलं, आपलं ऐकत नाहीत ते ठीक, पाळकानं दम भरला तर ऐकतील. पाळक ऋतुराज वाघमारे नगरकडचे, वयानं तरुण, पुण्याला शिकून आलेले. बोलायला गोड. त्यांच्या उपदेशात पाणी वाचवा, मुलींना शिकवा, संविधान, माणुसकी, सगळं असायचं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्यांनी रक्तदान शिबिर सुरू केलं तेव्हा पहिली जाऊन आडवी झाली ती आक्काताईच. त्यात तिला वाईट काही दिसत नव्हतं. फक्त घरी येऊन उपदेश आठवायचा म्हटला की तिला वाटायचं, हे तर आज गांधी मैदानावर कुणीही बोललं असतं. शिबिराच्या प्रार्थनेत 'येशूच्या नावानं' म्हणायचंही त्यांनी सोडलं होतं. सगळ्या धर्मांची माणसं येतात, कुणाला परकं वाटायला नको म्हणे. आता ज्याच्या अंगणात शिबिर, त्याचंच नाव घ्यायचं नाही, ही कुठली रीत? पण ती गप्प बसली होती. शिकलेला माणूस आहे, त्याला कळत असेल.

तिनं पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. म्हणजे सरांचं त्या ओळीला गप्प राहणं झाकून ठेवलं, देहदानाचं सांगितलं. पाळकसाहेबांचे डोळे पाणावले.

"आक्काताई, केवढी मोठी गोष्ट आहे ही! प्रभूनं तरी दुसरं काय केलं? आपला देह दिला. सरांचा आदर्श मी रविवारी मंडळीपुढं ठेवणार आहे."

"अवो, पर पुनरुत्थान?"

"ते शब्दशः नाही घ्यायचं," पाळकसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "ते प्रतीक आहे. आशेचं प्रतीक."

"परतीक?" आक्काताई उठून उभी राहिली. "मग माझी सासू तितं परतीकात पुरलीया व्हय? दर ईस्टरला मी काय परतीक धुतीया?"

पाळकसाहेब कसंनुसं हसले. तिला त्यांचा राग आला आणि कीवही आली. मला भांडायला माणूस पाहिजे होता, आणि हा तर नवऱ्याच्याच पार्टीचा निघाला!

मग रागाच्या भरात ती उचगावातल्याच पत्र्याच्या शेडमधल्या प्रार्थनेला गेली. तिथं ब्रदर विजयसिंह म्हणून एक जण माईकवर प्रार्थना चालवायचा. तिथं प्रतीकबितीक काही नाही, सगळं रोखठोक. आक्काताईला आधी बरं वाटलं. प्रार्थना झाल्यावर तिनं त्याला गाठून हकीकत सांगितली. ब्रदरनं डोळे मिटले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "बहिणी, तुझ्या नवऱ्यात नास्तिकपणाचा आत्मा शिरलाय. पश्चात्ताप केला नाही तर तो आगीत जाणार. कायमचा!"

आक्काताईनं त्याचा हात झटकला.

"कोण रं तू माझ्या मालकास्नी आगीत घालणारा? कोरोनात ह्या गल्लीतल्या घराघरात डबं कुणी पोचवलं? माझ्या मालकांनी आणि त्या बुद्धभूषणनं. तवा तू कुठं हुतास? दाराला कडी घालून बसलावतास की!"

आक्काताई पदर खोचून बाहेर पडली. आता गंमत बघा, नवऱ्याच्या बाजूनं बोलताना तिनं बायबलातलं एक वचन वापरलं नाही. डब्याचंच सांगितलं. बुद्धभूषणनं सांगितलं असतं तेच. हे तिच्या लक्षात आलं असतं तर तिनं जीभ चावली असती.

घरी आली तेव्हा सर ओट्यावर पेपर वाचत होते.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. कुठं गेली होती ते त्यांना सांगावं लागलं नव्हतं.

"एक म्हणतोय तुमी लई थोर, दुसरा म्हणतोय तुमी जळणार."

"आणि तू काय म्हणतीस?"

"मी म्हणतीया च्या घेणार काय?"

त्यानंतर वर्षभर तो विषय निघाला नाही. रविवारी दोघं चर्चला जायची. सर त्या ओळीला गप्प, बाई त्या ओळीला दुप्पट.

यंदा ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या एका सकाळी सर दाढी करता करता खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. आक्काताई चहा घेऊन आली तर अर्ध्या गालावर साबण तसाच. तिनं हाका मारल्या, खांदे हलवले, मग बुद्धभूषणच्या नावानं टाहो फोडला. बुद्धभूषण डॉक्टरला घेऊन आले. डॉक्टरनं नाडी बघितली, छातीवर नळी ठेवली आणि मान हलवली. त्रास झाला नसणार, म्हणाला. आक्काताईनं टॉवेल ओला करून तो साबण पुसला. मग ती शेजारी बसली आणि तिला रडू आवरेना.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. बिद्रीच्या साखर कारखान्यात नोकरीला असलेला दीर गुंडू आला तो येतानाच फोनवर सगळं ठरवत आला. देहदानाची कुणकुण त्याला होतीच. आल्या आल्या त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "वैनी, असलं काय बी चालणार न्हाई. आवळ्यांच्या घरातला माणूस मातीतच जाणार. आईच्या शेजारी खड्डा काढायला माणसं लावल्यात मी. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारी माणसं आपण. कापाकापी कसली करतासा?"

हेच तर तिला हवं होतं. वर्षभर ती ज्याच्या शोधात होती तो माणूस आता समोर उभा होता, तिच्या बाजूनं. फोन वाजत होते. पै-पाहुणे एकच विचारत होते, "माती किती वाजता हाय?" गुंडू सांगत होता, चार वाजता.

आक्काताईनं डोळे वर केले तर दारात बुद्धभूषण. आत येत नव्हते, बाहेरही जात नव्हते.

"तुमी का गप्प?" आक्काताई त्यांच्यावर खेकसली. "तुमीच त्यांच्या डोस्क्यात भरवलं न्हवं? बोला की आता!"

"काही बोलणार नाही वहिनी," बुद्धभूषण म्हणाले. त्यांचेही डोळे सुजलेले. "सरांनी मला बजावून ठेवलंय. आक्का नको म्हणाली तर माझ्या नावानं तिला एक शब्द बोलायचा नाही. तिचा विश्वास मोडून केलेलं दान मला नको, म्हणाले होते."

आक्काताईनं कपाळाला हात लावला. आता काय करायचं ह्या माणसाला? जिवंत होता तेव्हा भांडू दिलं नाही, मेल्यावरही भांडू देत नाही. पाळक त्याच्या बाजूचा, शेजारी गप्प, आणि तो स्वतः असा शांत पडलेला, दाढी अर्धी राहिलेली. नको म्हटलं तर कुणी काही बोलणार नव्हतं. चार वाजता कडुलिंबाखाली माती, आणि पुढं तिची जागा शेजारी. वर्षानुवर्षं मागितलेलं सगळं हातात होतं.

तिनं त्याच्याकडं बघितलं. किती बघितलं कुणास ठाऊक. आणि तिला तो वाटाण्याचा दिवस आठवला. कॉलेजातून उठीन की, पोरं काय मला कोंडून घालणार आहेत?

थट्टेतच म्हणाला होता. त्याचा कुठं विश्वास होता? पण तिचा होता ना! आणि तिचा विश्वास खरा असेल तर त्याची थट्टाही खरी होती. समुद्रात बुडालेली माणसं उठणार, आगीत जळालेली उठणार, मग ह्याचंच काय घोडं मारलंय? देवाला काय पत्ता सापडणार नाही कॉलेजचा?

"गुंडू भावजी," ती म्हणाली. "मातीतनं उठवणाऱ्याला कॉलेजातनं उठवायला काय अडणार हाय?"

"अवो वैनी, पर..."

"पर न्हाई आणि बिर न्हाई. त्यो माणूस एक ओळ सोडली तर जन्मभर माझ्या शेजारी उभा ऱ्हायला. आज मी त्याच्या शेजारी उभी ऱ्हाणार." ती बुद्धभूषणकडं वळली. "कुठं करायची सही? दावा."

"वैनी, खड्डा काढून झालाय!" गुंडू कळवळला.

"मग बुजवा. पर जागा ध्यानात ठेवा. मला लागंल."

सरांना आधी चर्चमध्ये नेलं. उपासना सुरू व्हायच्या आधी आक्काताईनं पाळकसाहेबांना बाजूला घेतलं.

"पाळकसाहेब, आज माणुसकीवर न्हाई बोलायचं. माणुसकी त्यांनी केलीया, ती सगळ्यांस्नी दिसतीया. तुमी पुनरुत्थानावर बोला. ते तुमचं काम हाय."

पाळकसाहेबांनी मान डोलावली. बोलले बिचारे, कागदात बघून का होईना. मग गाणं झालं आणि दारात ॲम्ब्युलन्स लागली. मातीला आलेल्या माणसांना काय करावं ते उमजेना. मूठभर माती टाकल्याशिवाय परत कसं फिरायचं, हात रिकामेच कसे न्यायचे? माणसं चुळबुळत उभी राहिली. शेवटी एकेकानं ॲम्ब्युलन्सच्या दाराला हात लावला आणि मग सगळी घरी गेली. गुंडू पाठ फिरवून उभा होता.

मग ईस्टर आला. पहाटे सगळ्यांच्या बरोबर आक्काताई दफनभूमीत गेली. सासूची कबर धुतली, झेंडू वाहिला. शेजारी बुजवलेल्या खड्ड्याची माती अजून कच्ची होती. तिथं फूल वाहावं का, तिला कळेना. आत कुणीच नव्हतं. तिनं एक फूल हातातच ठेवलं. चारी बाजूंनी माणसं आपापल्या माणसांपाशी मेणबत्त्या लावत होती, आणि तिला एकदम इतकं एकटं वाटलं की गाण्याला तोंडच उघडेना.

ते फूल मुठीत धरूनच ती चर्चमध्ये आली. नेहमीच्या बाकावर बसली. उजव्या हाताला, सरांच्या जागेवर, गुंडू येऊन बसला. राग गिळून, वहिनीला सोबत म्हणून बिद्रीहून आला होता. मागच्या बाकावर बुद्धभूषणही होते. दर ईस्टरला सर त्यांना बोलवायचे, तेव्हा ते येत नसत. यंदा कुणी न बोलावता आले होते. चर्च खचाखच भरलेलं. वर्षातनं एकदा येणारी माणसंही नवे कपडे घालून आलेली.

विश्वासांगीकाराला सगळे उठले. आक्काताईनं रात्रीच एक ठरवून ठेवलं होतं. इतकी वर्षं नवऱ्याचं गप्प राहणं आपण ओरडून झाकलं. त्याला लाज नव्हती त्याची, लाज आपल्याला होती. आज एकदा तरी ते गप्प राहणं त्याच्या नावानं ऐकू येऊ दे. त्या एका ओळीला आज मी पण तोंड मिटणार. देवानं माफ करावं. बाकीची मंडळी आहे की म्हणायला.

ओळी पुढं सरकत गेल्या. आक्काताई सगळ्यांच्या बरोबर म्हणत होती. पवित्रजनांची संगत. पापांची क्षमा.

आणि तिनं तोंड मिटलं.

चर्चमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

आधी तिला वाटलं, आपल्याच कानाला काहीतरी झालं. मग तिनं मान वळवली. कॉयरमधल्या पोरी एकमेकींकडं बघत होत्या. पंच कमिटीवरची माणसं ओठ हलवल्यासारखं करत होती, आवाज नव्हता. मागून कुठूनतरी पुटपुट आली आणि विरली. वेदीपाशी पाळकसाहेबांचं तोंड अर्धं उघडं होतं, पुढची ओळ तयार ठेवल्यासारखं. आणि उजव्या हाताला, मातीसाठी आकाशपाताळ एक करणारा तिचा दीर गुंडू, खाली मान घालून स्वतःच्या बुटाकडं बघत होता.

सगळा भार तिच्या आवाजावर होता! वर्षानुवर्षं हे सगळे तिच्या ओरडण्याच्या आडोशाला उभे राहून ती ओळ चुकवत होते, आणि तिला वाटायचं की आपण एकट्या नवऱ्याला झाकतोय. एकटा तोच खरं बोलला होता. भर बसमध्ये, तोंडावर. बाकी एकानंही कधी ब्र काढला नव्हता.

आक्काताईला आधी नवऱ्याची आठवण आली. मग तिला राग आला. चांगला, कोल्हापुरी, पायापासून डोक्यापर्यंतचा राग. तिनं मुठीतलं फूल बाकावर ठेवलं, हनुवटी वर केली आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं, एकटीनं म्हटलं, "देहाचे पुनरुत्थान!"

खिडकीवरची पारवी उडाली. पुढं कुणी बोलेना. सगळे वळून तिच्याकडं बघत राहिले.

"बघतासा काय?" आक्काताई म्हणाली. "म्हणा की! का न्हाई पटत म्हणून सांगा, माझ्या मालकांसारखं. सगळ्यांच्या वाटणीचं मी एकटीनं किती दिवस म्हणायचं?"